कानामागचा ठिपका

डिचोली,
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. दोन वर्षं माझं पत्र नाही. फोन केला तर तू ड्युटीवर, तू केलास तर मी गोदामात. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक. साखर थोडी वर, आईचा गुडघा होता तसाच.

हे पत्र मी उजवा कान न खाजवता लिहितोय. कानामागे एक काळा ठिपका आहे आणि तो पुसायचा नाही, अशी ताकीद आहे. ताकीद देणारा आमचा धाकटा. बुधवारी साखळीला भाचीचं लग्न, मामाचे केस रंगवायचं त्याने अंगावर घेतलंय. पण आधी ४८ तास ही परीक्षा. रंगात पीपीडी म्हणून काहीतरी असतं, ते एखाद्याला सोसत नाही, तोंड सुजतं. म्हणून कालवलेला रंग चिमूटभर लावून दोन दिवस थांबायचं. मी म्हटलं, अरे दहा वर्षं हाच लावतोय. तर म्हणतो, "दर वेळी करायची असते. पाकिटातल्या कागदावर लिहिलंय."

बाळ्या, या रंगाचे किती खोके मी वाळपईपर्यंत पोचवले असतील! तो कागद एकदाही उलगडला नाही.

तर बातमी ही, की पोराने आयटीआयला बेसिक कॉस्मेटोलॉजी घेतलंय. एक वर्षाचा ट्रेड, दहावीवर मिळतो. मला घरात सांगितलं होतं इलेक्ट्रिशियन. तुझाच ट्रेड, म्हणून मी खूश. महिन्याभराने आमचा हमाल गोदामातून बोंबलत बाहेर आला. साबणाच्या खोक्यांमागे बाईचं मुंडकं! सरावाचं डोकं ते, केस लावलेलं. हमालाला पाणी पाजलं आणि मग मला समजलं.

त्या रात्री जेवताना मी पोराला बोललो. काय बोललो ते तुला सांगायला नको. फर्मागुडीच्या आयटीआयच्या कँटीनमध्ये सगळ्यांसमोर तुला जे बोललो होतो, तेच. धोकटीसकट. पस्तीस वर्षांत मला दुसरं वाक्यसुद्धा सुचलं नाही बघ. तू निदान माझ्या अंगावर चहा ओतलास. (अर्धा कप होता. तू पूर्ण म्हणतोस, ते खोटं.) पोराने काही ओतलं नाही. ताट उचललं, मोरीत नेऊन धुतलं आणि झोपायला गेला. तुझी वहिनी चार दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती.

मला आठवत होते तुझे बाबा. फणसाखाली बसवून मान खाली दाबायचे, आणि मी हललो की टपली. त्या भांडणानंतरही मी त्यांच्यापुढेच बसायचो. तू त्यांना काही सांगितलं नव्हतंस, हे मला तेव्हाच कळायचं, कारण वस्तरा तितक्याच हलक्या हाताने फिरायचा. मी डोळे मिटून घ्यायचो. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

बरं, लाज बाजूला ठेवू. खरी काळजी पोटाची आहे. २०१२ला खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रक विकून एजन्सी घेतली, ते तुला माहीत आहेच. तू तेव्हा म्हणाला होतास, "डिझेल मेकॅनिक बिस्किटं विकणार!" विकली. पण आता मोठी दुकानं कंपनीकडून परस्पर माल उचलतात, आमच्या हातात राहतात गाड्यावाले आणि उधारी. मला वाटायचं, थोरली लग्न करून जाईल, धाकटा एजन्सी सांभाळेल. झालं उलटंच. थोरली रिटेलचा कोर्स करून सहा महिने मॉलमध्ये उभी राहिली आणि आता माझ्यावर हुकूम सोडते. मी आधी आलेला माल आधी काढायचो. ती म्हणते, चूक, आधी मुदत संपणारा आधी काढा, मग तो काल आलेला का असेना. तिने गोदाम उपसलं तेव्हा तळातून मुदत संपलेली सतरा खोकी निघाली. बारकोडवर ८९० दिसलं की मी गिऱ्हाइकाला छातीठोक सांगायचो, आपल्या देशातला माल. तेही खोटं निघालं. क्रमांक इथे नोंदलेला, एवढाच त्याचा अर्थ. आयुष्यभर माल वाहिला आणि वाचला काहीच नाही.

मग धाकट्याचं काय? कळंगुटकडे पार्लरं आहेत, पण पर्यटक गेले की पावसात काय? तो म्हणतो बोटीवर जाईन, बोटीवर पण सलून असतं. म्हणजे आमच्या घरात तारवटी, तोही कात्रीवाला! बहीण म्हणाली, "मुलगी कोण देणार?" मी काहीच बोललो नाही. तिच्याच मुलीला सजवायला बाहेरून बाई येणार आहे, आणि तिने जो आकडा सांगितला तो ऐकून मी दोनदा विचारलं, पूर्ण लग्नाचा की एकट्या नवरीचा?

काल रंग कालवताना त्याला बघत होतो. रंगात मिसळायच्या पेरॉक्साइडच्या बाटलीवर २० व्हॉल्यूम. तो म्हणाला, म्हणजे सहा टक्के, बाबा, ३० म्हणजे नऊ, पांढऱ्या केसांना २० पुरे. हातमोजे घातले, वाटी काट्यावर ठेवून मोजली. माझा कान दोन बोटांनी पुढे दुमडला, तेव्हा मान आपोआप खाली गेली. टपलीची वाट बघत होतो.

तुझं कसं चाललंय? मस्कतला उन्हाळा सुरू झाला असेल. ऑपरेशन झालं का? मुलीचा निकाल कळव. आणि चवथीला येणार आहेस की नेहमीसारखं "बघतो"?

एक मागायचं होतं. तीनदा लिहून खोडलं. बाबांचा तो चामड्याचा पट्टा, वस्तऱ्याला धार द्यायचा, अजून घरी आहे का? पोराला एकदा दाखवायचा होता. तू नाही म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण चालेल.

साडेअकरा झाले. अजून साडेएकवीस तास.

तुझा,
बंड्या

ता. क. सकाळचे सहा. कान ठीक आहे. आणि कप अर्धाच होता.