गच्चीवरच्या टाकीवरची पांढरी पेटी परत बसवू द्यावी

दिनांक : १७ जून

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहरचना संस्था मर्यादित, पुणे

विषय : पाण्याची पातळी मोजणारी पेटी तीन महिन्यांसाठी गच्चीवरच्या टाकीवर ठेवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी टाकीवरून काढलेली पांढरी पेटी सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवली आहे, असं वॉचमनकाकांकडून कळलं. ती पेटी माझी आहे. बसवताना मी तोंडी सांगितलं होतं, लेखी परवानगी घेतली नव्हती. ती माझी चूक झाली आणि त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. वायर आणि अँटेना असलेली अनोळखी वस्तू टाकीवर दिसली तर कोणीही ती काढेलच. पण ती १९ दिवस तिथे होती आणि तेवढ्यात तिने एक गोष्ट दाखवली, जी आपल्यापर्यंत पोचायलाच हवी : आपल्या टाकीतून रोज रात्री पाणी कुठेतरी जातंय.

आधी पेटी का केली ते सांगतो. फेब्रुवारीत एकदा आईला पहाटेच्या गाडीला सोडायचं होतं. पावणेपाचला खाली आलो तर गेटवर कोणी नाही. वर पाहिलं तर लिफ्टच्या खोलीवरच्या टाकीपाशी बॅटरीचा उजेड हलत होता. वॉचमनकाका लोखंडी शिडीने चढून टाकीत डोकावत होते. त्या शिडीला चौदा पायऱ्या आहेत, खालून तिसरी हलते, आणि एका हातात बॅटरी असली की धरायला एकच हात उरतो. काकांचं वय साठीच्या पुढे. टाकी भरली की नाही हे बघायला ते रोज दोनदा तिथे चढतात आणि मग मोटर बंद करायला सहा मजले खाली येतात. गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी ते उशिरा आणि कमी दाबाने येतं. त्या दिवशी तर चार-चार खेपा होतात. आता पाऊस लागलाय, शिडीवर शेवाळ धरेल. त्या पहाटेपासून हे डोक्यातून जात नाही.

मला इलेक्ट्रॉनिक्सची आवड शाळेपासूनची. सुट्टीच्या दिवशी तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक चक्कर ठरलेली असते. तिथूनच सेन्सर आणला. त्याचं काम सोपं आहे : ४० किलोहर्ट्झचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज तो खाली सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, आणि त्यावरून पाणी किती खाली आहे ते काढतो. आपली टाकी आतून ४ मीटर बाय अडीच मीटर आहे, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर बदलली की १०० लिटरचा फरक. हिशेब इतका सरळ निघाला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

पण काम सरळ झालं नाही. पहिली चाचणी घरात पिण्याच्या पाण्याच्या स्टीलच्या पिंपात घेतली. तिथे आवाज कडेवर आपटून परत येई आणि अर्धं पिंप भरलेलं असताना भरल्याचं दाखवी. पहिला सेन्सर उघड्या पाठीचा होता. तो पाण्याच्या वाफेत दीड महिनाही टिकला नाही, पिनांवर हिरवट चढलं. दुसरा पाण्यापासून बंदिस्त असलेला आणला, तर त्याला समोरच्या २५ सेंटीमीटरमधलं काही दिसतच नाही. म्हणून तो पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवून झाकणाच्या वर उचलून घेतला. मूळ झाकणाला हात लावलेला नाही. त्याच मापाचं दुसरं आणून त्याला भोक पाडलं.

मग ऊन आडवं आलं. हवा तापली की आवाज जोरात पळतो : २० अंशांना सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. एक मीटर अंतरात यामुळे तीन-साडेतीन सेंटीमीटरची चूक होते, म्हणजे आपल्या टाकीत तीनशेहून जास्त लिटर. त्यासाठी शेजारी तापमापक जोडला. वरून पाण्याची धार पडत असली की लाटांमुळे आकडे नाचतात, म्हणून दर वेळी नऊ मापं घेऊन मधलं धरतो. गच्चीवरून तळमजल्यापर्यंत वायफाय पोचत नाही, इतके स्लॅब मध्ये आहेत. म्हणून लोरा हा कमी विजेत थोडी माहिती लांबवर पोचवणारा रेडिओ वापरला, जो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे भारतात परवाना न लागणाऱ्या पट्ट्यात चालतो. वॉचमनच्या केबिनमध्ये एक छोटा डबा असेल : हिरवा दिवा म्हणजे पुरेसं पाणी, लाल म्हणजे मोटर लावा, आणि टाकी भरत आली की बझर. शिडी चढायची गरज नाही.

आता त्या १९ दिवसांबद्दल. सगळी माणसं झोपलेली असतात आणि मोटरही बंद असते, अशी वेळ म्हणजे रात्री दीड ते साडेचार. त्या तीन तासांत पातळी हलायला नको. एखाद-दुसऱ्या फ्लशने एक-दोन मिलिमीटर जाईल, तेवढंच. पण जवळजवळ रोज ती सहा सेंटीमीटरच्या आसपास उतरते. पहिले चार दिवस मला सेन्सरचीच शंका होती, म्हणून दोन रात्री स्वतः वर जाऊन लाकडी पट्टी टाकून पाहिलं. पट्टीचा आकडाही तोच आला. सहा सेंटीमीटर म्हणजे ६०० लिटर, तासाला २००. दिवसभर गळतीचा वेग तोच असेल तर रोजचे ४,८०० लिटर झाले. शहरात माणशी रोज १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा मापदंड धरतात. त्या हिशेबाने पस्तीस माणसांचं पाणी. मे महिन्यात आपण दहा हजार लिटरचे टँकर मागवत होतो. दर दोन दिवसांना जवळपास एक टँकर असाच वाहून जात होता, या विचाराने मला खरोखर झोप लागली नाही.

हे पाणी एका घरातलं आहे की भिंतीत दबलेल्या पाइपातलं, ते टाकीवरून कळत नाही. पण शोधायची युक्ती आहे. टाकीतून चार लाइनी खाली उतरतात आणि प्रत्येकीला वर व्हॉल्व्ह आहे. चार रात्री, दीड ते साडेचार, रोज एकच व्हॉल्व्ह बंद ठेवायचा. ज्या रात्री पातळी हलणार नाही, त्या लाइनीवर गळती. मग प्लंबरला सगळी बिल्डिंग तपासायला नको, त्या लाइनीवरची घरं आणि शाफ्ट बघितले की झालं. हे काम लवकर व्हायला हवं. उन्हाळ्यात टाकी वाहिली तर गच्चीवर आवाज तरी येतो. पावसात सगळ्याच पन्हाळ्या वाहत असतात, कोणाच्या लक्षातही येत नाही.

काही सभासदांनी शंका काढल्याचं कळलं, त्या रास्त आहेत. पेटीत कॅमेरा नाही, माइक नाही. कोणत्या घरात किती पाणी वापरलं हे तिला कळू शकत नाही, ती फक्त टाकीची पातळी जाणते. तिला गच्चीवरची वीज जोडलेली नाही, ३.२ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि तळहाताएवढं सोलर पॅनल आहे. तिचा कोणताही भाग पाण्याला लागत नाही. चौथ्या मजल्यावरच्या ताईंनी त्यांच्या कुत्र्याबद्दल विचारलं. कुत्र्यांना ४० किलोहर्ट्झचा आवाज ऐकू येऊ शकतो, हे खरं आहे. पण तो दर दहा मिनिटांनी काही क्षणच निघतो आणि बंद टाकीच्या आत खाली तोंड करून. तरीही त्यांचं समाधान झालं नाही तर त्यांच्यासमोर, कुत्र्याला गच्चीवर आणून, चालू करून दाखवीन.

माझी विनंती अशी. पेटी तीन महिन्यांसाठी परत बसवू द्यावी. आतापर्यंतचा साडेतीन हजारांच्या आसपास खर्च माझा, पुढची देखभालही मी करीन. व्हॉल्व्हच्या चाचणीसाठी चार रात्री ठरवून फलकावर आधी सूचना लावावी. त्या चारही रात्री मी स्वतः जागा राहीन आणि साडेचारला व्हॉल्व्ह उघडीन. आणि पेटीचं काहीही ठरलं तरी शिडीची ती तिसरी पायरी याच आठवड्यात वेल्डिंग करून घ्यावी. वेल्डरला घेऊन यायला मी तयार आहे.

येत्या रविवारच्या सभेत दहा मिनिटं मिळाली तर १९ रात्रींचे आकडे कागदावर छापून आणतो. गच्चीची किल्ली मात्र त्याआधी एकदा हवी, कारण टाकीवरचं भोक पाडलेलं झाकण अजून तिथेच आहे आणि भोक उघडं आहे. डास आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून ते आजच बंद करायला हवं.

कळावे.

आपला,
ब विंग, तिसरा मजला