सकाळी सहाला कोण येणार?

डेन्व्हर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुहास,

अपंगांना संस्थेत न टाकता घरीच मदत मिळावी, या तुझ्या निवेदनाचा मसुदा मिळाला, दोनदा वाचला. पहिल्यांदा एक शब्द खोड: ‘नर्सिंग होम’. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टर नवरा-बायकोनं चालवलेला दहा खाटांचा दवाखाना, बाळंतपणाचा नाहीतर अपेंडिक्सचा. ‘नर्सिंग होम नको’ असं निवेदन दिलंस तर साहेब विचारील, मग बायकांनी बाळंत कुठं व्हायचं? इथलं नर्सिंग होम म्हणजे माणसाला कायमचं ठेवायची जागा. तू ‘निवासी संस्था’ लिही. आणि ‘समाजाधारित सेवा’ही काढ. आपल्याकडे समाज म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कुठला समाज?’ असाच येतो. ‘राहत्या घरी, आपल्या वस्तीत मदत’ असं सरळ म्हण, ते तलाठ्यालाही कळतं.

आता तुझा प्रश्न: इथं अमेरिकेत अपंगांनी हे कसं मिळवलं. सुरुवात याच गावातली आहे. वेड ब्लँक नावाचा पाद्री सत्तरच्या दशकात इथल्या एका नर्सिंग होममध्ये नोकरीला होता. तिथं विशी-पंचविशीतली अपंग पोरं म्हाताऱ्यांच्या शेजारी आयुष्य काढत होती, कारण त्यांना उठवायला, आंघोळ घालायला घरी कुणी नव्हतं. एवढंच कारण. आजार काही नाही. त्यातल्या काहींना बाहेर काढून १९७५ मध्ये ‘अटलांटिस’ उभी राहिली: आपापली घरं आणि मदतीला येणारी माणसं. पण घराबाहेर पडायचं तर बसमध्ये चढता येईना. ५ जुलै १९७८ ला १९ जणांनी कोलफॅक्स आणि ब्रॉडवेच्या चौकात दोन बस अडवल्या आणि रात्रभर तिथंच राहिले. तंत्र साधं: एक व्हीलचेअर बसच्या पुढं, एक मागं, ब्रेक लावून. चालकाला पुढं जाता येत नाही, मागंही नाही. पोलिसांना अटक करायची तर खुर्चीसकट माणूस चढेल अशी गाडी पाहिजे, ती त्यांच्याकडेही नाही. म्हणजे मागणी काय आहे ते पोलिसांच्या गाडीनंच सिद्ध करून दाखवलं.

यातूनच १९८३ मध्ये ‘अ‍ॅडॅप्ट’ निघाली. संघटनेच्या इंग्रजी नावातलं (ADAPT) टी तेव्हा ‘ट्रान्झिट’चं, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीचं होतं, बससाठी. १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, बसचा प्रश्न मार्गी लागला, आणि यांनी आद्याक्षरं तीच ठेवून अर्थ बदलला: ए-पी-टी झालं ‘अटेंडंट प्रोग्राम्स टुडे’, म्हणजे मदतनिसांच्या योजना, आज. पाटी तीच, दुकान वेगळं. संघटनेचं नाव ठरवताना हे लक्षात ठेव, उगाच लांबलचक संस्कृत नाव घेऊ नकोस.

मदतनिसांची लढाई बसपेक्षा अवघड निघाली, कारण तिथं अडवायला बस नव्हती, पैशाचा उतार संस्थेकडे होता. इथं गरिबांच्या औषधपाण्याचा सरकारी खर्च मेडिकेडमधून होतो, १९६५ पासून. त्या कायद्यात नर्सिंग होमचा खर्च देणं प्रत्येक राज्याला बंधनकारक आहे. तीच मदत घरी देणं मात्र ऐच्छिक. १९८१ मध्ये खिडकी उघडली: राज्यानं केंद्राकडून सूट मागायची आणि ठरावीक संख्येनं लोकांना घरी सेवा द्यायची. संख्या संपली की रांग. म्हणजे संस्थेतला पलंग हक्काचा आणि स्वतःचं घर मर्जीचं. शिवाय राज्याकडे पैसा कमी पडला की कात्री आधी ऐच्छिक गोष्टीला लागते. यंदा जुलैत मेडिकेडमध्ये मोठी कपात करणारा कायदा झाला, तेव्हा हे लोक पुन्हा रस्त्यावर का आले ते यावरून समजेल.

कोर्टाचं थोडक्यात. जॉर्जियातल्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोघींना सरकारी मनोरुग्णालयाच्याच डॉक्टरांनी ‘बाहेर राहू शकतात’ म्हणून सांगितलं होतं, तरी सोडत नव्हते. २२ जून १९९९ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कारण नसताना संस्थेत डांबून ठेवणं हा भेदभाव आहे. तीन अटी घातल्या: तज्ज्ञांना बाहेर राहणं योग्य वाटलं पाहिजे, माणसाचा विरोध नको, आणि राज्याच्या कुवतीत बसलं पाहिजे. तिसऱ्या अटीत सगळी पळवाट आहे. रांग ‘वाजवी वेगानं’ सरकते आहे एवढं दाखवलं की राज्याचं भागतं. तरी निकालाचा उपयोग झाला. २०१३ पर्यंत मेडिकेडच्या दीर्घकालीन मदतीवरच्या खर्चात घरच्या सेवांचा वाटा निम्म्याच्या वर गेला.

पण निकालानं कुणी घरी जात नाही. घोडं कुठं अडतं ते सांगतो, कारण तुझ्या मसुद्यात नेमकं तेच पान कोरं आहे.

संस्थेत दर तिमाहीला रहिवाशाची तपासणी होते, त्या फॉर्मात एक प्रश्न असतो: इथून बाहेर पडून राहण्याबद्दल तुम्हाला कुणाशी बोलायचंय का? ‘हो’ म्हटलं की बाहेरच्या संस्थेला कळवावं लागतं. प्रश्न छान आहे. बिघडतं ते विचारण्यात. जेवणाच्या घाईत विचारतात, पोराबाळांसमोर विचारतात, नाहीतर विचारतच नाहीत आणि ‘नाही’वर खूण होते. बाहेर काय मिळेल हे माहीत नसलेला माणूस ‘हो’ कशाला म्हणेल? म्हणून जाणकार कार्यकर्ते आधी बाहेर राहणाऱ्या एका अपंग माणसाला भेटीला पाठवतात आणि मग तो प्रश्न पुन्हा विचारायला लावतात. तुझ्याकडे फॉर्म नाही, भेट मात्र उद्यापासून सुरू करता येईल.

‘हो’ म्हटल्यावर कागद. ओळखपत्र हरवलेलं असतं, जन्मदाखला भावाच्या ट्रंकेत. सरकारी भत्ता संस्थेत गेल्यावर महिना ३० डॉलरवर येतो, तो पुन्हा चालू करायला अर्ज लागतो. मग घर. त्यातली एक मेख फार कमी लोकांना ठाऊक असते. माणूस ९० दिवसांत परत येईल असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि घर टिकवायला पैसे लागतात हे सांगितलं, तर पूर्ण भत्ता तीन महिने चालू राहतो. भाडं भरता येतं, घर सुटत नाही. पण ते पत्र सुट्टीचा दिवस किंवा नव्वदावा दिवस, जे आधी असेल त्याच्या आत पोचलं पाहिजे. ते न पोचल्यानं घर गेलं की ताप बरा होतो आणि माणूस अडकतो.

मग वस्तू. नर्सिंग होमची व्हीलचेअर नर्सिंग होमचीच असते. स्वतःच्या मापाची खुर्ची बनून यायला महिने लागतात, त्यामुळे मागणी घर सापडायच्या आधीच नोंदवायची. औषधं निदान महिन्याची हातात घेऊन निघायचं. जुन्या दुकानाचा पुरवठा बंद आणि नव्याचा सुरू नाही, या फटीत लोक पुन्हा इस्पितळात पोचतात. आणि सुट्टी शुक्रवारी दुपारी कधीच घ्यायची नाही. शनिवार-रविवार फोन कुणी उचलत नाही.

आता मुख्य गोष्ट. समज मानेतल्या मणक्याला इजा झालेला तिशीचा माणूस आहे. सकाळी शौचाचा ठरलेला क्रम (पाऊण ते एक तास), आंघोळ, कपडे, खुर्चीत बसवणं: अडीच तास. दुपारी जेवण आणि युरिन बॅग रिकामी करणं: एक तास. संध्याकाळी एक. रात्री निजवणं, कातडी तपासणं: दीड. झाले सहा तास, आठवड्याचे ४२. आठवड्यात तास असतात १६८. म्हणजे ज्याला ‘चोवीस तास काळजी लागते’ म्हणून संस्थेत टाकलं, त्याला लागतात ते पाव. पण हेच सहा तास मदतनीस पुरवणाऱ्या कंपनीनं सकाळी ९ ते ३ असे सलग दिले तर? तीनला मदतनीस जाताना त्याला अंथरुणात निजवून जाणार, नाहीतर तो रात्रभर खुर्चीत. तास बरोबर, वेळ चूक, आणि महिन्याभरात बेडसोअर, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा. लोक म्हणणार, बघा, घरी जमलं नाही.

आपल्याकडे ब्युरो आठ, बारा किंवा चोवीस तासांचीच माणसं देतात, त्यामुळे अडचण जास्तच. उपाय मला एकच दिसतो: एकाच वस्तीत चार-पाच जणांची घरं जोडून मदतनीस वाटून घ्यायचे. एक मामा सहा ते साडेआठ एकाकडे, पावणेनऊपासून दुसऱ्याकडे. चालत दहा मिनिटांच्या आत, नाहीतर पावसाळ्यात गणित कोसळतं. आणि रजेवरच्या मामासाठी दुसरं, तिसरं नाव भिंतीवर लिहिलेलं पाहिजे. फोन कुणी करायचा तेही. इथं घरच्या सेवा मोडतात त्या बहुतेक वेळा याच जागी: सकाळी सहाला कुणी आलं नाही.

दुसरा मुद्दा मालकीचा. इथं एक पद्धत आहे, ज्यात अपंग माणूसच मदतनीस निवडतो, शिकवतो, काढतो. पगारपत्रक आणि कर तेवढा दुसरी संस्था बघते. तुझे डॉक्टर मित्र म्हणतील, नर्स पाहिजे. बहुतेक कामाला नको. पण धोका मात्र नेमका शिकवावा लागतो. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा असेल तर साधी लघवीची नळी मुडपली तरी रक्तदाब एकदम चढतो: डोकं ठणकतं, चेहरा लाल, घाम. काय करायचं? निजवायचं नाही, ताठ बसवायचं. पट्टा, कपडे सैल. नळी मुडपली आहे का, बॅग भरली आहे का, बघायचं. ते नसेल तर पोट साफ आहे का. उतरलं नाही तर थेट इस्पितळ, आणि तिथल्या डॉक्टरला हे नाव सांगायचं: ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. हा कागद मराठीत करून खुर्चीच्या पाठीला पिशवीत ठेव. नवीन मामाला ज्याच्या अंगाचं आहे त्यानंच शिकवायचं.

घराची मापं. दरवाजा उघडल्यावर मोकळी जागा ३२ इंच. खुर्ची फिरायला ६० इंचाचं वर्तुळ. उताराला एक इंच चढाला एक फूट लांबी, म्हणजे सहा इंचाच्या उंबऱ्याला सहा फूट. मी बघतो ते सगळे फोटो अडतात बाथरूमच्या दारात, तिथं अनेकदा २४-२६ इंचच असतात. दार काढून जाड पडदा लावला तरी पल्ल्याच्या जाडीएवढी जागा सुटते. आणि माणूस उचलायची लिफ्ट घेणार असशील तर आधी पलंगाखाली हात घाल. लिफ्टचे पाय पलंगाखाली सरकले पाहिजेत, पाचेक इंच मोकळे हवेत. आपले दिवाण आणि बॉक्सचे पलंग, ज्यात गाद्या-गोधड्या भरतात, तिथं लिफ्ट कडेलाच थांबते आणि झोळीत टांगलेला माणूस पलंगापर्यंत पोचत नाही. लिफ्टआधी साधा लोखंडी पायाचा पलंग घे.

आपल्याकडचा कायदा तुझ्या बाजूचा आहे, तो मसुद्यात वर आण. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम ५: अपंगांना वस्तीत राहण्याचा हक्क आणि ठरावीक ठिकाणीच राहण्याची सक्ती नको, घरी मिळणाऱ्या मदतीचा उल्लेखही त्यातच आहे. कलम ३८ खाली जास्त आधाराची गरज असलेल्यांना अर्ज करता येतो. मनोरुग्णांसाठी २०१७ च्या कायद्याचं कलम १९ आहे: घरच्यांनी टाकलं किंवा घर नाही, एवढ्यावरून रुग्णालयात ठेवता येत नाही. पैशासाठी पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातले अपंगांसाठीचे ५ टक्के आहेत. ते बरेचदा सायकली आणि शिलाई मशीन वाटण्यात जातात. त्यातून मदतनिसांचे तास मागा. अमुक माणसाला आठवड्याचे ४२ तास, असं नाव आणि आकडा घालून. ‘सर्वंकष योजना’ मागितलीस तर समिती मिळेल.

एक भीती आहे. तू शेवटच्या पानावर ‘सहा जणांचं सामूहिक घर’ लिहिलंयस. लहान संस्था ही संस्थाच असते. इथल्या केंद्र सरकारनं २०१४ मध्ये अशा घरांसाठी नियम केले, ते कसोटी म्हणून वापर: खोलीला आतून कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे, राहणाऱ्याच्या नावावर भाडेकरार आहे का, पाहुणा कधीही येऊ शकतो का, खोलीतला जोडीदार निवडता येतो का, रात्री अकराला भूक लागली तर फ्रिज उघडता येतो का. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. तो तुझ्या सहा जणांच्या घराला विचार आणि उत्तर मला कळव.

सोबत पहिल्या चार घरांच्या बाथरूमच्या दारांची मापं पाठव, पल्ला पूर्ण उघडून, पट्टी चौकटीपासून पल्ल्याच्या पुढच्या अंगापर्यंत लावून. चौकट ते चौकट नको, मागच्या वेळेला ती चूक झाली होती. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद