योशीला बंदी कशासाठी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' या व्हिडिओ गेमचं परीक्षण काल वाचलं. राहवलं नाही म्हणून लिहिते आहे.

परीक्षणकर्त्यांना पात्राने हत्तीचं रूप घेणं आवडलं, बोलणारी फुलं आवडली, रांगेत गात निघालेल्या पिरान्हा वनस्पती आवडल्या. इथवर आमचं एकमत. पण शेवटच्या परिच्छेदात त्यांनी लिहिलं आहे की योशी किंवा नॅबिट हे पात्र निवडलं की खेळाडू मरतच नाही, आणि ही सोय म्हणजे लाडावलेल्या मुलांसाठी ठेवलेली पळवाट आहे.

एक तर ही माहितीच चुकीची आहे. योशीला आणि नॅबिटला शत्रूचा मार लागत नाही, एवढंच. खड्ड्यात पडले तर तेही जातात, लाव्हात पडले तरी जातात. उडी कुठून मारायची, कधी मारायची हे त्यांनाही साधावंच लागतं. शिवाय त्यांना हत्ती होता येत नाही. बुडबुड्यांचं फूल नाही, ड्रिलचं मश्रूम नाही, रूप बदलणारं काहीच त्यांना लागू पडत नाही. लहान मुलाला ही किंमत फार मोठी वाटते. माझ्या पाच वर्षांच्या नातीला हत्ती होऊन सोंडेत पाणी भरायचं असतं आणि सुकलेल्या फुलांवर उडवायचं असतं. त्यासाठी ती योशी सोडून डेझी हे पात्र घेते. गूम्बा या शत्रूला धडकते, हत्तीचं रूप जातं. आणखी धडकते, जीव जातो. मग काही वेळ योशी, मग पुन्हा डेझी. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. आज आपल्याला कितपत जमेल याचा अंदाज ती स्वतः घेते. याला पळवाट म्हणायचं?

मला हे इतकं का लागलं तेही सांगते. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा लिंबू-चमचा आणि संगीत खुर्चीच्या जोडीला हा गेम ठेवला होता. हॉलमध्ये प्रोजेक्टर लावलेला, चौघाचौघांचे गट, जो गट ठरलेल्या वेळात जास्त वंडर सीड, म्हणजे लेव्हलमध्ये मिळणाऱ्या बिया, मिळवेल तो पहिला. कल्पना चांगलीच होती. लहान-मोठी मुलं एका गटात खेळणार म्हणून मला विशेष आनंद झाला होता. पण आयत्या वेळी माइकवरून जाहीर झालं की योशी आणि नॅबिट चालणार नाहीत, ते चीटिंग आहे.

नातीने पिवळा योशी मागितला. सगळ्यांना एकच नियम, असं तिला सांगण्यात आलं. तिने निमूटपणे मारिओ घेतला. पहिल्याच कासवाला लागून ती गेली. या गेममध्ये गेलेला खेळाडू पाच सेकंद भूत होऊन तरंगतो, तेवढ्यात साथीदाराने स्पर्श केला तर परत येतो. सुरुवातीला गटातल्या मोठ्या मुलांनी मागे येऊन तिला उठवलं. पुढे वेळ जाऊ लागला तशी ती मोठी मुलं वैतागली, आणि ते साहजिकच होतं, स्पर्धाच तशी ठेवली होती. शेवटी नातीने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि नुसती पडद्याकडे बघत बसली. बक्षीस ज्या गटाला मिळालं त्यात सगळी आठवी-नववीची मुलं होती.

मी उठून विचारलं की बनवणाऱ्यांनीच ही पात्रं दिली आहेत, तर ती काढणारे आपण कोण? उत्तर मिळालं, "आजी, मग स्पर्धा कसली?" त्या प्रश्नावर हॉलमधल्या बऱ्याच पालकांनी माना डोलावल्या. आणि आता तोच विचार आपल्या पुरवणीत छापून आला आहे. पुढच्या वर्षी आयोजक हे कात्रण मला दाखवतील.

मी नोकरीभर शाळेत खेळाचे तास घेतले. लंगडी असो वा डबा ऐसपैस, गल्लीतल्या प्रत्येक खेळात एखादा कच्चा लिंबू असायचाच, आणि त्याला बाद करायचं नाही हे मोठी मुलं आपणहून ठरवायची. त्यांचा खेळ त्याने कधी बिघडला नाही. पण त्या पद्धतीत एक उणीव होती. कच्च्या लिंबाने काहीही केलं तरी ते मोजलं जायचं नाही. मुलांच्या हे लवकर लक्षात यायचं आणि मग ती रडून 'मला खरं खेळू द्या' म्हणायची. या गेममध्ये ती उणीव भरून काढली आहे. योशीने मिळवलेलं वंडर सीड मारिओने मिळवलेल्या सीडइतकंच मोजलं जातं. एवढंच नाही, दुसऱ्या खेळाडूंना योशीच्या पाठीवर बसता येतं, आणि बसलं की उडी योशीने मारायची. घरी माझा दहा वर्षांचा नातू हक्काने बहिणीच्या पाठीवर बसतो आणि ती हवेत पाय फडफडवत त्याला दरीपलीकडे नेते. पाच वर्षांच्या मुलीने मोठ्या भावाला सांभाळून पलीकडे पोचवावं, अशी जागा आम्हा खेळशिक्षकांनाही कधी सुचली नव्हती.

परीक्षणकर्त्यांनी आधीच्या मारिओंशी तुलना केली असती तर हे त्यांना दिसलं असतं. 2009 च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्येही चौघे खेळत, पण एकमेकांना धडकत, एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत, कधी चुकून तर कधी मुद्दाम खड्ड्यात ढकलत. आमच्या घरात त्या गेमवरून इतकी भांडणं झाली की शेवटी तो गेम कपाटात गेला. त्यात अडलेल्या मुलासाठीही सोय होती. एकट्याने खेळताना आठ वेळा जीव गेला की हिरवा ठोकळा यायचा, आणि तो फोडला की लुइगी आपोआप पुढे खेळून दाखवायचा. म्हणजे मदत अशी की मुलाने हात बाजूला घ्यायचे. मार न लागणारा नॅबिट 2013 च्या 'न्यू सुपर लुइगी यू'मध्ये आला, पण ढकलाढकली तशीच राहिली. 'वंडर'मध्ये खेळाडू एकमेकांना धडकत नाहीत, आरपार जातात. लेव्हलचं रूपच पालटून टाकणारं वंडर फूल लागून पाइप वळवळायला लागले, रेड्यांसारखे बुलरश धावत सुटले, पडद्यावर एकच कल्लोळ झाला, तरी कुणामुळे कुणी पडत नाही.

या गेमचे निर्माते ताकाशी तेझुका आहेत, 1985 चा पहिला 'सुपर मारिओ ब्रदर्स' शिगेरू मियामोतो यांच्यासोबत घडवणारे. त्या मारिओत गुण होते आणि सरकणारं घड्याळ होतं. 'वंडर'च्या नेहमीच्या लेव्हलमधून दोन्ही काढून टाकलं आहे. अनेक वर्षं अवघड खेळ बनवलेल्या माणसांनी विचारपूर्वक घेतलेला हा निर्णय आहे. त्याची वासलात एका वाक्यात लावायला नको होती.

गेममध्ये दोष नाहीत असं नाही. पडदा मुकुटवाल्या खेळाडूच्या मागे सरकतो आणि मागे राहिलेल्याला भूत होऊन तरंगत यावं लागतं. छोट्यांच्या वाट्याला हे फार येतं आणि नात त्यावर दरवेळी चिडते. परीक्षणात याविषयी लिहायला हवं होतं, कारण एकत्र खेळणाऱ्या घरांना खरी अडचण ही आहे. आणि परीक्षणकर्त्यांना कठीणच हवं असेल, तर प्रत्येक लेव्हलमध्ये शिरण्याआधी तिच्या अवघडपणाचे तारे दिसतात. त्यांनी पाच ताऱ्यांच्या लेव्हल खेळाव्यात, स्पेशल वर्ल्ड या जादा कठीण भागातली शेवटची बॅज मॅरेथॉन, म्हणजे एकामागून एक वेगवेगळ्या बॅजची खास कौशल्यं वापरून पार करायची लेव्हल, पुरी करावी. तिच्या अखेरच्या टप्प्यात आपलं पात्र दिसेनासं होतं आणि अंदाजाने उड्या माराव्या लागतात. तिथे योशी घेतला तरी पडणं चुकत नाही. तसा कस लावणारा खेळ ज्यांना हवा त्यांच्यासाठी तो याच गेममध्ये आहे. लहानग्यांची जागा काढून घेतल्याने तो अधिक कठीण होत नाही.

आणखी एक. लेखासोबत छापलेलं चित्र या गेमचं नाहीच. त्यात वरच्या बाजूला गुण आणि उरलेला वेळ दिसतो आहे. 'वंडर'मध्ये ते दोन्ही नाही हे वर लिहिलंच आहे. माझ्या नातवाच्या मते ते 2012 च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू'चं असावं, आणि मला त्याचं म्हणणं पटतं. ज्या गेमबद्दल अर्धं पान लिहिलं त्याचं चित्रही तपासून लावलं जात नाही, हे आपल्या वृत्तपत्राला शोभत नाही. मुलांसाठीच्या मजकुरात अशी ढिलाई गेले काही महिने वारंवार दिसते आहे. चित्रकोड्याची उत्तरं तर मागच्या दोन्ही आठवड्यांत छापलीच नाहीत.

योशी आणि नॅबिट खड्ड्यात पडल्यावर मरतात, आणि त्यांना निवडणं हा गेमच्या नियमांचाच भाग आहे, एवढी दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरांत छापावी ही विनंती. ती छापून आली की सोसायटीच्या सूचना फलकावर मी स्वतः लावणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली