आर्मेरोला अडीच तास मिळाले होते

पुणे,
९ जून

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र कालच मिळालं. मागच्या श्रावणात दरड कोसळेल म्हणून वाडीतली माणसं भर पावसात शाळेत आणून ठेवलीस, डोंगर जागचा हलला नाही, आणि आता तीच माणसं "साहेब, यंदा आम्ही येणार नाही" असं तोंडावर सांगतात. वरून खर्चाबद्दल बोलणी खावी लागली ती वेगळीच. "मी चुकलो का रे?" असं शेवटी विचारलंयस. अजिबात चुकला नाहीस. ज्वालामुखींच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी हाच प्रश्न फार मोठी किंमत मोजून सोडवलाय. मी वर्षानुवर्षं मुलांना हेच शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोलंबियात नेवादो देल रुईस नावाचा ज्वालामुखी आहे. उंची ५,३०० मीटरच्या आसपास, त्यामुळे विषुववृत्ताजवळ असूनही माथ्यावर बारमाही बर्फ. १९८४ च्या नोव्हेंबरपासून तो कुरकुरायला लागला होता. म्हणजे जवळजवळ वर्षभर तो सांगत होता. सप्टेंबर १९८५ मध्ये वाफेचा स्फोट झाला आणि चिखलाचा एक लोंढा दरीतून बराच खाली उतरला. ऑक्टोबरमध्ये तिथल्या भूशास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा तयार केला. आर्मेरो हे गाव त्यात लोंढ्याच्या वाटेवर दाखवलं होतं. त्याला आधारही पक्का होता. १८४५ साली त्याच खोऱ्यातून असाच चिखल येऊन सुमारे हजार माणसं गेली होती, आणि आर्मेरो वसलं ते त्याच चिखलाच्या थरावर. जमीन सुपीक, भात-कापूस उत्तम पिकायचा, मग माणसं का नाही वसणार?

१३ नोव्हेंबर १९८५ ला दुपारी गावात राख पडायला लागली. घाबरू नका, घरातच थांबा, असं रेडिओवरून आणि चर्चमधून सांगण्यात आलं. संध्याकाळी गाव हलवायची भाषा सुरू झाली, तेवढ्यात राख थांबली आणि ते राहून गेलं. त्यात वादळी पाऊस, वीज गेलेली. रात्री नऊनंतर मुख्य उद्रेक झाला. ज्वालामुखींच्या हिशोबात तो लहानच होता, बाहेर पडलेला शिलारस बेताचाच. पण तापलेल्या राखेनं माथ्यावरच्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा वितळवला आणि ते पाणी माती, दगड, झाडं ओढत दऱ्यांतून सुटलं. अशा लोंढ्याला लाहार म्हणतात. तो ओल्या सिमेंटसारखा दाट असतो, त्यात पोहता येत नाही, उभं राहता येत नाही. साडेअकराच्या सुमारास तो आर्मेरोवर आला. गावातल्या २९,००० माणसांपैकी २०,००० हून जास्त त्या रात्री संपली.

उद्रेक आणि लोंढा यांच्यात जवळजवळ अडीच तास होते, सुधीर. अडीच तास! उंचवटा चालत जाण्याच्या अंतरावर होता. काहीजण तिथे चढले आणि वाचले. गावाला त्या रात्री दुर्बिणी नको होत्या, मोठी यंत्रं नको होती. "उठा, टेकडीवर चला" एवढं सांगणारा भोंगा हवा होता, आणि तो वाजल्यावर कुठे जायचं हे आधीपासून ठाऊक असायला हवं होतं.

मग अधिकारी का कचरले? तुला जी भीती आहे तीच त्यांना होती: हलवलं आणि काहीच झालं नाही तर? याचं उदाहरणही जगासमोर होतं. १९७६ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर ला सूफ्रिएर ज्वालामुखी जागा झाला, तेव्हा ७०,००० हून अधिक लोकांना काही महिने घराबाहेर ठेवलं. मोठा उद्रेक झालाच नाही. शास्त्रज्ञांमध्ये जाहीर भांडणं झाली, पैशांचा हिशोब मागितला गेला. मला मात्र तिथले अधिकारी शहाणे वाटतात. शेजारच्या मार्टिनिक बेटावर १९०२ मध्ये मों पेले ज्वालामुखीतून सुटलेल्या राख आणि वायूच्या तप्त लोटानं सेंट पिएर शहरातली सुमारे २८,००० माणसं काही मिनिटांत मारली होती. हे माहीत असताना वाट पाहत बसायचं कसं?

आता पिनाटुबोचं ऐक, म्हणजे तुला बळ येईल. फिलिपिन्समधला हा डोंगर सुमारे ५०० वर्षं गप्प होता, त्याला ज्वालामुखी म्हणून फारसं कुणी ओळखतही नव्हतं. एप्रिल १९९१ मध्ये वाफेचे स्फोट झाल्यावर फिलिपिन्सच्या ज्वालामुखी संस्थेचे प्रमुख रायमुंडो पुनोंगबायान यांची माणसं आणि अमेरिकी भूशास्त्रज्ञ तिथे ठाण मांडून बसले. हे अमेरिकी पथक आर्मेरोच्या धक्क्यातूनच १९८६ साली उभं राहिलेलं. भूकंपमापक बसवले. जुन्या राखेच्या थरांतला कोळसा तपासून हा डोंगर पूर्वी किती भयंकर फुटला होता ते काढलं. रोज बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड मोजला: मे महिन्यात तो दोन आठवड्यांत ५०० टनांवरून ५,००० टनांवर गेला, आणि मग एकदम उतरला. उतरला म्हणून कुणी सुस्कारा सोडला नाही. आतली वाट बुजत चालली असावी आणि दाब वाढत असावा, असं त्यांनी ओळखलं.

आणि तरी लोक ऐकत नव्हते! म्हणून धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या, आणि कात्या व मोरिस क्राफ्त या फ्रेंच दांपत्यानं चित्रित केलेले उद्रेक लोकांना व्हिडिओवर दाखवले. शब्दांनी जे झालं नव्हतं ते त्या दृश्यांनी झालं. ते दोघं त्याच ३ जूनला जपानमधल्या उंझेन ज्वालामुखीच्या तप्त लोटात गेले. १५ जूनला पिनाटुबो फुटला, गेल्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक. तोवर हजारो माणसं बाहेर पडली होती आणि वाचली. जी शेकडो गेली त्यातली बरीच छपरं कोसळून गेली, कारण त्याच दिवशी चक्रीवादळ आलं आणि राख भिजून जड झाली. नंतर छावण्यांमध्ये गोवरानं आएटा आदिवासींची मुलं दगावली, ते वाचलं की मला राग येतो. डोंगराच्या तावडीतून सोडवलेली मुलं आपल्याच छावणीत गमवायची? तुझ्या शाळेत पाणी, संडास, औषधं यांचं आधी बघ.

सगळंच ओळखता येतं असं मात्र नाही. जपानमधला ओन्ताके २७ सप्टेंबर २०१४ ला भर दुपारी वाफेनं फुटला. धोक्याची पातळी सर्वांत खालची होती, शनिवार असल्यानं वर गिर्यारोहकांची गर्दी. ६३ जण मृत वा बेपत्ता. शिलारस वर येताना जमीन फुगते, खडक तडकतात, वायू सुटतो. पण नुसत्या वाफेचा स्फोट यातलं फारसं काही न दाखवता होतो. तुझ्या दरडीही तशाच. माळीण, तळिये, इर्शाळवाडी, तिन्ही ठिकाणी डोंगर एका झटक्यात खाली आला. म्हणून तर तू पाऊस बघून हलवतोस, आणि तेच बरोबर आहे. दहा वेळा हलवलंस आणि नऊ वेळा काही झालं नाही, तरी त्या नऊ वेळा वाया गेल्या असं मी कधीच म्हणणार नाही.

कोलंबियानंही पुढे तेच केलं. एप्रिल २००७ मध्ये नेवादो देल उइला फुटला, पाएस नदीतून लाहार आले, पूल वाहून गेले. पण माणसं आधीच वर गेली होती. एकही जीव गेला नाही.

पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे, येतो. वाडीतल्या बायकांशी आणि शाळेतल्या मुलांशी बोलू. आर्मेरोची छायाचित्रं आणतोय. शाळेकडे जाणारी वाट ओढा ओलांडून जाते असं तू म्हणाला होतास. रात्री ओढा भरला तर दुसरी वाट कुठली, तेवढं मी येईपर्यंत म्हाताऱ्यांना विचारून ठेव. वहिनींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश