उधारीची वही उघडून दाखवणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव नाही. मार्गदर्शक आहेत, ग्रंथालयातली माणसं आहेत, घरचे आहेत. तुम्ही नाही. "माझं नाव घातलंस की गाव कळला, आणि गाव कळला की कुणाकडं किती थकलं होतं ते लोक हुडकून काढतील," असं तुम्ही बजावलं होतं. ते मी पाळलं. पण पीएचडीचं काम संपलं आणि तुमचे आभार मात्र राहूनच गेले, हे काही मनाला पटेना. म्हणून हे पत्र, बिननावाचं. गावाविषयी इतकंच लिहिते की ते गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातलं आहे. त्या पट्ट्यात किराणा दुकानं पुष्कळ आहेत.

पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या हातात चौदा पानांची प्रश्नावली होती. खाणबंदीनंतर छोट्या धंद्यांचं काय झालं, हा विषय. बंदीच्या तारखा मला पाठ होत्या. १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चमध्ये सगळं पुन्हा ठप्प. खनिज किती गेलं, सरकारचा महसूल किती बुडाला, याचे आकडे कागदोपत्री सापडतात. ट्रक आणि नदीतून खनिज नेणारे बार्जही मोजता येतात. पण ट्रकवाल्याच्या घरी तांदूळ पोचवणारं दुकान कुठल्या तक्त्यात शोधायचं? उद्योगांच्या वार्षिक पाहणीत नोंदणी झालेले कारखाने तेवढे येतात. छोट्या असंघटित धंद्यांचं राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण २०१०-११ मध्ये झालं, त्यानंतर थेट २०१५-१६ मध्ये. पहिलं झालं तेव्हा खाणी जोरात होत्या आणि दुसरं झालं तेव्हा पहिली बंदी उठलेली होती. मधल्या काळात ज्याने शटर ओढून घेतलं, तो दुसऱ्या सर्वेक्षणाला भेटणारच नव्हता. म्हणजे जे तगले त्यांनाच आपण विचारणार आणि धंदा तसा बरा आहे म्हणून लिहून घेणार. हा खड्डा कसा बुजवायचा, याच विवंचनेत मी वर्षभर होते.

"बंदीनंतर तुमच्या मासिक विक्रीत अंदाजे किती टक्के घट झाली?" हा माझा सहावा प्रश्न. तुम्ही तो नीट ऐकून घेतलात आणि म्हणालात, "बाय, टक्के म्हाका कळनात. वही आसा."

मग माळ्यावरून तो पत्र्याचा डबा उतरवलात. लाल कापडी पुठ्ठ्याच्या उभ्या वह्या, दर वर्षाच्या दोन-तीन, सुतळीने बांधलेल्या. उघडण्याआधी तुम्ही अगरबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा फाडून त्याची पट्टी केलीत आणि पानाच्या वरच्या कडेवर, जिथे घराचं नाव असतं तिथे, ती अंगठ्याने दाबून धरलीत. "खालचं वाच. वरचं तुझ्या कामाचं नाही." घरांना नंबरसुद्धा तुम्हीच दिलेत. विद्यापीठात त्यासाठी आम्हाला एक अर्ज भरून द्यावा लागतो, माहिती देणाऱ्याची ओळख कशी लपवणार ते त्यात लिहायचं असतं. त्या रात्री मी तो अर्ज पुन्हा काढून वाचला. तुमच्या पट्टीइतकं चोख त्यात काहीही नव्हतं.

नऊ रविवार तुम्ही असे बसलात. दुपारी दुकान बंद करून, जेवणानंतरची झोप सोडून.

सात नंबरच्या घराचं पान मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. ऑगस्ट २०१२: उकडे तांदूळ दहा किलो, तेलाच्या पिशव्या, बिस्किटं, मुलांचा रिचार्ज. सप्टेंबरात चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, बाजार: नारळ, गूळ, रवा, खसखस, फटाके. चवथ १९ तारखेला होती. म्हणजे खाणी थांबून नऊच दिवस झाले होते आणि दोन-तीन आठवड्यांत सुरू होतील असं जो तो म्हणत होता, त्यामुळे कुणीच हात आखडता घेतला नव्हता. डिसेंबरच्या पानावर तेलाची पिशवी जाऊन 'सुटं तेल पाव' आलं. बिस्किटं गेली. फेब्रुवारीत सुक्या मासळीखेरीज दुसरी खरेदी जवळजवळ नाहीच.

पावसाचं गणित मला तुम्ही समजावलंत, ते कुठल्याच अहवालात मला मिळालं नव्हतं. पावसाळ्यात खाणी तशाही बंद असायच्या. जूनपासून सगळं घर उधारीवर, आणि ऑक्टोबरात ट्रक सुरू झाले की दिवाळीपर्यंत खाती साफ. दरवर्षीचा हा नेम. म्हणजे बंदी आली ती नेमकी उधारी वर्षातल्या सगळ्यात उंच टोकाला असताना, वर चवथीचा खर्च तोंडावर आलेला. हीच बंदी जानेवारीत आली असती तर तुमच्यावरचा पहिला घाव बराच हलका बसला असता. प्रबंधाचं तिसरं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे.

चौथ्या प्रकरणात तर तुम्ही मला चुकीतून वाचवलंत. मी सगळी थकबाकी एकत्र करून बुडीत धरली होती आणि तक्ता तुमच्यापुढे ठेवला होता. तुम्ही चष्मा लावून तो पाहिलात आणि मला एप्रिल-मे २०१३ ची पानं पुन्हा काढायला लावलीत. जमेच्या बाजूला रुपयांऐवजी बारीक अक्षरांत काजूबिया, सोलं, नारळ, 'छप्पर शाकारलं – दोन दिवस' असं लिहिलेलं होतं. ते मी टिपण समजून सोडून दिलं होतं. लोक फेडत होते. पैशांनी नव्हे, इतकंच. "बाकी म्हणजे बुडीत नव्हे," असं म्हणून तुम्ही तक्त्यावर पेन्सिलीने रेघ मारलीत. गावातल्या एकाही घरापुढे तुम्ही 'बुडीत' लिहिलेलं नाही. बाहेरून आलेल्या ड्रायव्हर-क्लीनरांच्या खात्यांवर मात्र एकच शब्द आहे: 'गेला'. तो लिहितानाही तुम्हाला राग आला नसावा, कारण त्यातल्या दोघांना गावी जायला बसभाडं दिल्याची नोंद त्याच पानावर आहे.

रॉबर्ट टाउनसेंड नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा १९९४ चा एक निबंध आमच्या विषयात फार मानला जातो. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने भारतातल्या खेड्यांची वर्षानुवर्षं जी माहिती गोळा केली, तिच्यातली तीन खेडी त्याने घेतली. त्यांतली दोन, शिरापूर आणि कान्झरा, आपल्या महाराष्ट्रातली. एका घरावर संकट आलं तर बाकीचं गाव उसनं-पासनं करून त्याला बऱ्यापैकी सावरतं, असं त्यात दिसतं. पण सगळ्या गावावर एकदम घाला आला तर गावातल्या गावात कोण कोणाला सावरणार, हा प्रश्न उरतोच. तुमच्या वह्या वाचताना मला त्याचं उत्तर शोधायचं होतं, आणि ते वह्यांत नव्हतंच. ते काकींनी चहा देता देता सांगितलं. म्हापशाच्या ठोक व्यापाऱ्याने महिन्याची मुदत पंधरा दिवसांवर आणली तेव्हा काकींच्या पाटल्या बँकेत गेल्या. अख्ख्या वाड्याची चूल त्या दोन पाटल्यांवर चालली. हे लिहू का, म्हणून मी काकींना दोनदा विचारलं. "लिही. सोडवून आणल्या तेंही लिही," म्हणाल्या. म्हणून लिहिते: तीन वर्षांनी सोडवून आणल्या.

उद्योजकतेवर वाचताना मला जोखीम, भांडवल, नफा हे शब्द सारखे भेटत. जोखीम घेणारा माणूस म्हणजे काहीतरी नवं उभारणारा, असंच मी धरून चालले होते. ओळखीच्या घरांना उपाशी राहू द्यायचं नाही एवढ्यासाठी घरचं सोनं लावून जुनंच दुकान चालू ठेवणं, ही जोखीम कुठल्या रकान्यात मांडायची? मी तिला वेगळा रकाना केला. तोंडी परीक्षेत त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले आणि मला एकदाही अडखळायला झालं नाही, कारण प्रत्येक उत्तराला माझ्याकडे एक पान होतं.

तुम्ही विचारलं होतंत, "म्हाका वाचूंक मेळटलें मरे?" मला वाचायला मिळेल ना, म्हणून. प्रबंध इंग्रजीत आहे, पण तिसरं आणि चौथं प्रकरण मी मराठीत लिहून काढलंय, मोठ्या टायपात. चवथीआधीच्या रविवारी घेऊन येते. त्यातही काही चुकलं असेल तर पेन्सील तयार ठेवा. आणि ती अगरबत्तीच्या पुड्याची पट्टी माझ्याच फायलीत राहिली आहे, तीही आणते. आमच्या विभागातली एक मुलगी २०१८ नंतरच्या वह्यांबद्दल विचारत होती. तुमची हरकत नसेल तर तिला तुमच्याकडे पाठवीन म्हणते.

काकींना नमस्कार.

तुमची,
नऊ रविवारांची पाहुणी