फेस दिसतो, हार्मोन दिसत नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की पेपरात फोटो येतो, चार दिवस बोंबाबोंब होते, मग परत सामसूम. पण ज्याला ना फेस ना वास त्याचं काय? गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरातल्या हार्मोनचाच प्रकार), प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल ए (शरीरात इस्ट्रोजेनसारखंच वागणारं रसायन), हे सगळं सांडपाण्यात उतरतं आणि एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, रिपोर्टात असतं बीओडी, सीओडी (पाण्यातल्या एकूण घाणीला किती ऑक्सिजन लागतो त्याचे आकडे). त्या आकड्यात हे कुठून दिसणार, मामला नॅनोग्रॅमचा, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा आहे.

एवढ्याशाने काय होतंय म्हणणाऱ्यांसाठी कॅनडातल्या लेक 260 ची गोष्ट. ऑन्टारिओमधल्या या लहानशा तळ्यात संशोधकांनी 2001 ते 2003 असे तीन उन्हाळे गोळीतलं इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं, लिटरमागे जेमतेम 5-6 नॅनोग्रॅम. तर नर माशांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रोटीन बनायला लागलं आणि फॅटहेड मिनो नावाचे बोटभर मासे तळ्यातून जवळजवळ संपलेच.

आता माझा मुद्दा, ही रसायनं उन्हात फोडण्याची एक युक्ती. मी कोकणातला, जांभ्याच्या घरात वाढलेला, जन्मभर केमिस्ट्री शिकवली. त्या चिऱ्याचा लाल-पिवळा रंग म्हणजे हेमॅटाइट आणि गोथाइट, गंजाचीच भावंडं. अशा खनिजाची पूड पाण्यात असली, सोबत ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असलं (अळूने घसा खवखवतो ते याच्याच कॅल्शियमवाल्या क्षाराने) आणि वर ऊन असलं की मजा सुरू होते. ऑक्झॅलेट खनिजातलं थोडं लोखंड ओढून घेतं, प्रकाशाने त्या फेरिकचं फेरस होतं (दोन्ही लोखंडाचीच रूपं, फेरसमध्ये एक इलेक्ट्रॉन जास्त), हवेतल्या ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं आणि मग फेरस न् पेरॉक्साइड मिळून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे क्षणभरच टिकणारा पण भलताच आक्रमक कण, जे समोर येईल त्याला फोडत सुटतं, बिस्फेनॉल असो की इस्ट्रोजेन. फेरस परत फेरिक, परत ऊन, परत फेरस, म्हणजे लोखंड तेच पुन्हा पुन्हा कामाला. लोखंड-पेरॉक्साइडच्या जोडीची ताकद फेंटन नावाच्या केमिस्टने 1894 मध्येच दाखवली होती, आणि आर्किटेक्ट लोकांच्या जुन्या निळ्या ब्लूप्रिंट आठवत असतील तर त्याही उन्हात फेरिकचं फेरस होऊनच उमटायच्या.

पण म्हणून कोणी नदीत चिऱ्याची पूड ओतायला निघू नका! व्हॉट्सअ‍ॅपवर असलं काही फिरायला वेळ लागत नाही म्हणून आधीच सांगतो. ही रिअ‍ॅक्शन आंबट पाण्यात जोरात चालते, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट) 3 च्या आसपास, आणि नदीचं पाणी असतं 7-8 चं, तिथे लोखंड गंज होऊन तळाशी बसतं. गढूळ पाण्यात ऊन खाली पोचत नाही, पाण्यात विरघळलेला बायकार्बोनेट क्षार बरेचसे रॅडिकल वाटेतच खाऊन टाकतं. शिवाय बिस्फेनॉल तुटलं म्हणजे विषय संपला असंही नाही, तुकडे काय झाले तेही बघावं लागतं.

माझं मागणं साधं आहे. एसटीपीतून निवळून आलेल्या पाण्यासाठी एखाद्या गावी एक उथळ हौद बांधा, खनिज, ऊन, ऑक्झॅलेट सगळं तिथेच करून बघा, इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना प्रोजेक्ट द्या. पाणी आत जाताना आणि बाहेर येताना बिस्फेनॉल, इस्ट्रोजेन दोन्ही मोजा, आणि आकडे वाईट आले तरी ते आपल्या पेपरात छापा.

आपला,
एक रिटायर्ड केमिस्ट्रीचे सर, रत्नागिरी