पंखांच्या मोटारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

त्या जुन्या अमेरिकन गाड्यांचे मागचे उंच पंख खरंच काही काम करायचे की नुसतीच शोभा, असं तू विचारलंस. दोन ओळींत उत्तर देणं माझ्याच्यानं होईना, म्हणून हे पत्र.

हे पंख विमानावरून आले. जनरल मोटर्स या अमेरिकन मोटार कंपनीच्या स्टाइलिंग (गाड्यांचं रूप ठरवणाऱ्या) विभागाचा प्रमुख हार्ली अर्ल याला लॉकहीडच्या पी-३८ या जोडशेपटी लढाऊ विमानानं वेड लावलं. जनरल मोटर्सच्याच १९४८च्या कॅडिलॅक गाडीवर त्या शेपट्या बारीक उंचवट्यासारख्या उतरल्या. १९५९पर्यंत त्यांचे सुळके झाले. ती निव्वळ शोभा. क्रायस्लर ही दुसरी मोटार कंपनी मात्र म्हणायची, आडव्या वाऱ्यात पंखांमुळे गाडी स्थिर राहते. तत्त्व खरं आहे रे, बाणाला मागं पिसं लावतात तेच. पण रोजच्या वेगात त्याचा फरक जाणवण्याइतका पडत नाही, असं माझं मत.

माझा जीव जडलाय तो जनरल मोटर्सच्या फायरबर्ड वन या प्रायोगिक गाडीवर. १९५४च्या मोटोरामा या कंपनीच्या मोटार-प्रदर्शनात मांडलेली ही गाडी म्हणजे चाकं लावलेलं जेट विमानच. फायबरग्लासचं अंग, आत ३७० अश्वशक्तीचं गॅस टर्बाइन (जेट विमानाच्या जातीचं इंजिन), पारदर्शक घुमटाखाली जेमतेम एका माणसाची जागा. बाजूंना आखूड पंख. विमानाचा पंख वर उचलतो, हे पंख गाडीला खाली दाबायचे! शिवाय त्यांच्या मागच्या कडेच्या झडपा उघडल्या की वाराच ब्रेकचं काम करायचा. त्या काळात गाडीसाठी हा विचार कुणी केला, याचंच मला अप्रूप वाटतं. वाऱ्याला नुसतं कापायचं नाही, त्याला राबवायचं.

पुढे १९५८च्या फायरबर्ड थ्रीला तर सात पंख. स्टिअरिंगचं चाक नाहीच, दोन सीटांच्या मधे एक दांडा, त्यानंच वळायचं आणि थांबायचं. सातही पंखांची खरंच गरज होती, हे मला पटत नाही. तरी फोटो समोर आला की नजर हलत नाही.

आणि आपली काळी-पिवळी पद्मिनी आठव. डिकीच्या दोन्ही कडांना, मागच्या दिव्यांवर, पत्र्याची बारीक धार उठलेली असायची ना? मूळ फियाटची ती धार त्याच लाटेतली. लहानपणी टॅक्सीची वाट बघताना मी त्यावरून बोट फिरवायचो. तुमच्या गल्लीत अजून एखादी पद्मिनी उभी असेल तर बाजूनं फोटो काढून पाठव.

तुझाच,
मित्र